शेवटच्या तिमाहीत सोनोग्राफीच्या मापांवरून बाळाची खुंटलेली वाढ कशी ओळखावी

पोटातल्या बाळाची वाढ खुंटली आहे का, हे ठरवताना वजनाच्याही आधी गर्भारपणाचे नेमके किती आठवडे झाले आहेत हे पाहावे लागते. पहिल्या तिमाहीत बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून, म्हणजे सीआरएलवरून, काढलेली तारीख सर्वांत भरवशाची असते, आणि ती एकदा निश्चित झाली की नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलू नये. ३६व्या आठवड्यात मापे ३३ आठवड्यांची भरली म्हणून प्रसूतीची तारीखच पुढे ढकलली, तर जो दोष शोधायचा तोच कागदावरून पुसला जातो.

डोक्याचा व्यास, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी या चार मापांवरून अंदाजे वजन काढले जाते. त्यासाठी हॅडलॉक या संशोधकाची सूत्रे सर्रास वापरात आहेत. चौघांत पोटाचा घेर सर्वांत महत्त्वाचा, कारण वारेकडून होणारे पोषण कमी पडू लागले की यकृतातला साठा आणि त्वचेखालची चरबी आधी घटते, तर डोके बराच काळ वाढत राहते. नेमके हेच माप चुकण्याची शक्यताही सर्वाधिक असते. त्यासाठी पोटाचा छेद, म्हणजे पडद्यावर दिसणारा पोटाचा काप, आडवा आणि शक्य तितका गोल हवा. त्यात जठर दिसावे, नाळेची शीर यकृतात जिथे वळते तेवढाच तिचा आखूड भाग दिसावा आणि मूत्रपिंडे दिसू नयेत. शीर पोटाच्या पुढच्या भिंतीपर्यंत लांबलचक दिसत असेल, तर छेद तिरका आहे असे समजून प्रोब (आईच्या पोटावर फिरवायचे उपकरण) पुन्हा लावावा. माप त्वचेच्या बाहेरच्या कडेने घ्यावे, प्रोब फार दाबू नये, कारण दाबाने पोट चपटे होते, आणि एकाच मापावर विसंबण्याऐवजी दोन-तीन चांगल्या छेदांची सरासरी घ्यावी.

मशीनने दाखवलेले वजन हा शेवटी अंदाजच असतो आणि त्यात १० ते १५ टक्क्यांची तफावत सहज पडते. हॅडलॉकच्या तक्त्यात ३६ आठवड्यांना मधले वजन सुमारे २८०० ग्रॅम आणि १०वे पर्सेंटाइल (म्हणजे शंभरातल्या दहा बाळांचे वजन ज्याच्या खाली असते ती रेषा) सुमारे २३०० ग्रॅम आहे. २४०० ग्रॅमचा अंदाज आला, तर खरे वजन या रेषेच्या अलीकडे असेल की पलीकडे, हे एका तपासणीवरून सांगता येत नाही. त्याच कारणाने आठवड्याभरात पुन्हा मापे घेण्यात अर्थ नाही: या काळात बाळ आठवड्याला साधारण २०० ग्रॅमने वाढते आणि मापातली चूकही तेवढीच असू शकते. दोन मापांत किमान दोन आठवडे, शक्य असल्यास तीन आठवडे जाऊ द्यावेत, आणि तक्ता दोन्ही वेळी एकच असावा.

पोटाचा घेर किंवा अंदाजे वजन ३ऱ्या पर्सेंटाइलच्या खाली असेल, तर ३२ आठवड्यांनंतर तेवढ्यावरूनच वाढ खुंटल्याचे निदान करता येते. ३ ते १० या पट्ट्यातली बरीच बाळे मात्र नुसती लहान चणीची आणि निरोगी असतात, म्हणून तिथे आणखी एखादा पुरावा हवा: पर्सेंटाइलमध्ये ५०हून अधिक अंकांची घसरण, किंवा डॉप्लरमधला, म्हणजे रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीतला, बिघाड. उलट, ७०वरून १५वर आलेले बाळ कागदावर ‘नॉर्मल’ दिसते, पण माझ्या मते त्याच्याकडे कायम १२वर असलेल्या बाळापेक्षा अधिक काळजीने पाहावे.

डॉप्लर वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. उशिरा सुरू झालेल्या या विकारात नाळेच्या धमनीतला प्रवाह बहुधा ठीकच असतो, आणि मेंदूच्या मधल्या धमनीतला रोध आधी कमी होतो, कारण बाळ रक्त मेंदूकडे वळवू लागते. म्हणून दोन्ही धमन्यांचे पल्सॅटिलिटी इंडेक्स (प्रवाहाला होणारा रोध दाखवणारा आकडा) मोजून मेंदूच्या आकड्याला नाळेच्या आकड्याने भागावे. हे गुणोत्तर ५व्या पर्सेंटाइलखाली गेले, तर ते धोक्याचे लक्षण मानावे. मेंदूतले माप बाळ हालचाल करत नसताना घ्यावे. गर्भजलाचा सर्वांत खोल कप्पा २ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास तेही नोंदवावे.

अहवालात निव्वळ वजन न लिहिता आठवडे, तारीख कशावरून ठरली, पर्सेंटाइल, वापरलेला तक्ता आणि मागच्या मापांशी तुलना लिहावी. आणि आई बाळाची हालचाल मंदावल्याचे सांगत असेल, तर पुढच्या मापाची वाट न पाहता तिला त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे, मग त्या दिवशीची मापे कितीही चांगली का असेनात.