दिवस गेलेत आणि डाग दिसला, तर काय करायचं

सातवा आठवडा होता. इंदूरला राजेंद्रनगरच्या आमच्या घरी पोहे वाफेवर होते आणि मी बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली नखाएवढ्या तपकिरी डागाकडे बघत उभी होते. पोहे तसेच गार झाले.

पहिल्या 3 महिन्यांत दर चार-पाच जणींत एकीला असं थोडंफार रक्त दिसतं आणि त्यातल्या अर्ध्याहून अधिक जणींचं पुढे सुरळीत होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आधी पांढरं पॅड लावा. टॅम्पॉन नको, कारण किती जातंय ते पॅडवरच कळतं. तपकिरी म्हणजे बहुधा जुनं रक्त. संबंधांनंतर किंवा आतून तपासणी झाल्यावरही गर्भाशयाच्या तोंडाशी थोडं रक्त येऊ शकतं.

पण दोन तास सलग तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, गाठी पडत असतील, पोटात एका बाजूला जोरात कळ येत असेल, खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा ताप असेल, तर पुढचं वाचत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 लावा किंवा कुणाला तरी गाडी काढायला सांगा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीच्या नळीत राहिला असेल तर उशीर जिवावर बेतू शकतो.

यातलं काही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शेवटच्या पाळीची तारीख, रंग, पॅड किती भिजलं, दुखतंय का आणि रक्तगट, एवढं हाताशी ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आवर्जून सांगा, अँटी-डी इंजेक्शन (आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून देतात ते) लागेल का ते डॉक्टर ठरवतील. सहाव्या आठवड्याच्या आत सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत तर लगेच धीर सोडू नका. कधीकधी 48 तासांच्या अंतराने बीटा एचसीजी ही गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी करतात, कधी आठ-दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी.

खरा छळ असतो तो या मधल्या दिवसांचा. मी दर दहा मिनिटांनी मोबाइलचा टॉर्च लावून बघायचे आणि दर वेळी डाग मोठाच वाटायचा. मग नियम केला: लघवीला जाईन तेव्हाच बघायचं, टॉर्चशिवाय, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज एकच नोंद. ‘तपकिरी, थोडं.’ ‘तपकिरी, थोडं.’ ‘नाही.’ डॉक्टरांनाही तेवढंच हवं असतं. तरी झोप उडालीच, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे.

घरात कुणाला सांगायचं तेही ठरवा. आमच्याकडे बातमी वन्संपर्यंत गेली आणि ‘जड उचललंस का गं?’ सुरू झालं. बादली उचलल्याने गर्भ पडत नाही. सुरुवातीला पडतो तो बहुतेक वेळा गुणसूत्रांतल्या दोषामुळे, आणि तो कुणाच्या हातात नसतो. नुसतं पडून राहिल्यानेही तो थांबत नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर पलंगाला खिळून राहू नका.

सोनोग्राफीला जाण्याआधी मात्र विचारून घ्या, पोटावरून करणार की आतून. मी बाटलीभर पाणी पिऊन पाय आवळून तासभर बाकावर बसले, आणि आत गेल्यावर बाई म्हणाल्या, ‘आतून करायची आहे, आधी बाथरूमला जाऊन या.’