रेडिओ स्पर्धेसाठी अँटेना आणि टॉवर: महाराष्ट्रातून पहिली उभारणी कशी करावी

ऑक्टोबरमधील ज्या शेवटच्या आठवडाअखेरीचे शनिवार आणि रविवार हे दोन्ही दिवस त्याच महिन्यात येतात, त्या शनिवारी भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच वाजता सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स या स्पर्धेची ध्वनी फेरी सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला ती संपते. या ४८ तासांत जगभरातील हौशी रेडिओ केंद्रे १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर या सहा बँडवर (तरंगलांबीनुसार पाडलेल्या वारंवारतेच्या पट्ट्यांवर) एकमेकांशी संपर्क साधतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण आठवडाअखेरीस हीच स्पर्धा मोर्सवर होते. वाचकाकडे हॅम (हौशी रेडिओ) परवाना आणि १०० वॅटचा एचएफ (लघुलहरी) संच आहे, परंतु गच्चीवर किंवा अंगणात अजून काहीही उभे राहिलेले नाही, असे धरून हे मार्गदर्शन लिहिले आहे.

आरंभीच एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. पहिला खर्च अँप्लिफायरवर करू नये. तो अँटेनावर आणि तिच्या उंचीवर करावा. १०० वॅटचे ४०० वॅट केले तर संदेश ६ डेसिबलने वाढतो, पण फक्त जाणारा. त्याच उंचीवरील डायपोलच्या (मध्यावर केबल जोडलेल्या सरळ तारेच्या) जागी तीन एलिमेंटांची, म्हणजे दांड्यांची, चांगली यागी (एका दिशेला झोत टाकणारी अँटेना) बसवली तर जवळपास ५ डेसिबल मिळतात, आणि ते जाणाऱ्या व येणाऱ्या अशा दोन्ही संदेशांना मिळतात. शिवाय मागच्या बाजूचा गोंगाटही कमी होतो. स्पर्धेत समोरच्याला ऐकू न आल्याने जितके संपर्क हातचे जातात, त्याहून अधिक आपल्यालाच त्याचे ऐकू न आल्याने जातात.

नियमांवरून दिशा ठरवा

अँटेना कोणती घ्यावी याचे उत्तर गुणपद्धतीत दडलेले आहे. सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये प्रत्येक संपर्कात सिग्नल अहवाल आणि झोनचा (जगाच्या ठरवून दिलेल्या विभागाचा) क्रमांक दिला जातो. भारत २२ व्या झोनमध्ये येतो. दुसऱ्या खंडातील केंद्राशी झालेल्या संपर्काला ३ गुण, आपल्याच खंडातील दुसऱ्या देशाला १ गुण आणि आपल्याच देशातील केंद्राला शून्य गुण मिळतात. प्रत्येक बँडवर भेटलेला प्रत्येक नवा झोन आणि प्रत्येक नवा देश हा गुणक ठरतो, आणि एकूण गुणांना एकूण गुणकांनी गुणून अंतिम धावसंख्या निघते. समजा, युरोपमधील ३०० केंद्रांचे ९०० गुण आणि जपानमधील १०० केंद्रांचे १०० गुण झाले व सर्व बँड मिळून ८० गुणक जमले, तर धावसंख्या ८०,००० होते. जपानी केंद्रे संख्येने भरपूर आणि ऐकायला सोपी असली, तरी आपल्याला खरे गुण युरोप आणि अमेरिका देतात, हे या हिशेबातून लगेच कळते.

मुंबईहून फ्रँकफर्टची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास सुमारे ३१८ अंश येते, माद्रिदची ३०७, मॉस्कोची ३३३ आणि न्यूयॉर्कचीही ३३३. म्हणजे जवळजवळ सगळा युरोप आणि अमेरिकेचा पूर्व किनारा हे दोन्ही आपल्या वायव्येला, एका अरुंद पट्ट्यात सामावलेले आहेत. तीन एलिमेंटांच्या यागीचा मुख्य झोत साधारण ६० अंश रुंद असतो. त्यामुळे रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) घेण्याची ऐपत नसेल तर यागी ३२५ अंशांवर कायमची बसवावी, म्हणजे हा पूर्ण पट्टा तिच्या झोतात येतो. पृथ्वीवरील हे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. महाराष्ट्रातील स्पर्धकाने त्याचा लाभ अवश्य घ्यावा. जपान मात्र सुमारे ५९ अंशांवर आणि कॅलिफोर्निया थेट ध्रुवावरून १४ अंशांवर आहे, म्हणून पुढे कधीतरी रोटेटर लागेलच.

टॉवरच्या आधी तार

पहिली स्पर्धा तारेच्या अँटेनावर खेळावी, असा माझा आग्रह आहे. आपल्या जागी कोणता बँड केव्हा उघडतो आणि शेजारच्या इमारतीतून किती विद्युत गोंगाट येतो, हे समजल्याशिवाय टॉवरवर पैसे घालणे योग्य नाही. अर्धतरंग डायपोलची लांबी काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे, १४.१५० मेगाहर्ट्झसाठी सुमारे १०.१ मीटर तार लागते. प्रारंभी ती थोडी लांब ठेवून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचे माप) पाहत दोन्ही टोकांकडून सारखी कापत जावी. तार ईशान्य-नैऋत्य ताणली की तिचा जोर वायव्य आणि आग्नेय दिशांना जातो, म्हणजे एका बाजूने युरोप पदरात पडतो.

आता उंची. क्षितिजाशी किती अंशांचा कोन करून लहर बाहेर पडते, यावर लांबचा पल्ला अवलंबून असतो. सपाट जमिनीवरील आडव्या अँटेनासाठी हा कोन काढणे सोपे आहे: तरंगलांबीला उंचीच्या चौपटीने भागून जी संख्या येते, ती त्या कोनाची साइन असते. २० मीटर बँडवर अँटेना १० मीटर उंच असेल तर कोन सुमारे ३० अंश, १५ मीटर उंचीवर सुमारे २० अंश आणि २० मीटर उंचीवर सुमारे १५ अंश येतो. युरोप साडेसहा हजार किलोमीटर दूर असल्याने कोन जितका खाली, तितका चांगला. परंतु १० वरून १५ मीटरवर जाताना जेवढा फरक पडतो, तेवढा १५ वरून २० वर जाताना पडत नाही, आणि खर्च व धोका मात्र त्याच टप्प्यात झपाट्याने वाढतात. म्हणून पहिल्या टॉवरसाठी १२ ते १५ मीटर ही उंची मला सर्वांत शहाणपणाची वाटते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात झालेल्या जागतिक रेडिओ संघ अजिंक्यपदाच्या वेळी जगातील निवडक स्पर्धकांना सारखीच साधने दिली होती, ती म्हणजे सुमारे १२ मीटरचा टॉवर, एक तीन-बँड यागी आणि खालच्या (४० व ८० मीटर) बँडसाठी तारा. त्यांनी एवढ्यावर हजारो संपर्क केले.

४० मीटर बँडची गोष्ट वेगळी आहे. तिथे १५ मीटर उंचीवरचा डायपोल आपली बरीच शक्ती डोक्यावर फेकतो, आणि त्यातून मिळणारे जवळचे भारतीय संपर्क या स्पर्धेत शून्य गुणांचे असतात. मोकळी जागा असेल तर १० मीटरच्या फायबरग्लास खांबाला उभी तार बांधून तिच्या पायथ्याशी जमिनीवर १६ किंवा अधिक रेडियल (पायथ्यापासून चहूकडे जाणाऱ्या) तारा पसरवाव्यात. खालच्या कोनातले काम ती डायपोलपेक्षा चांगले करते.

टॉवर: हिशेब वाऱ्याचा असतो

टॉवर अँटेनाचे वजन सहज पेलतो. त्याची खरी कसोटी वारा घेतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुणे, नाशिक आणि पणजी यांसाठी मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रतिसेकंद, तर मुंबई आणि नागपूर यांसाठी ४४ मीटर प्रतिसेकंद दिला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. त्यानुसार पुण्यात तो सुमारे ९१३ आणि मुंबईत सुमारे ११६२ येतो. अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळाच्या अँटेनावर मुंबईत सुमारे ५८० न्यूटन, म्हणजे जवळपास ६० किलोचा आडवा ओढा बसतो, आणि ताणतारा नसलेल्या १२ मीटरच्या खांबाच्या पायथ्याशी त्याचा वाकवणारा आघूर्ण ७००० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. यात खुद्द टॉवरवर बसणारा वारा, भूरचना आणि आकाराचे गुणक धरलेले नाहीत. म्हणून हा हिशेब केवळ अंदाजासाठी वापरावा आणि अंतिम आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावा. वेल्डरने दुसऱ्या कोणाला करून दिलेल्या टॉवरची नक्कल करणे हा पर्याय नव्हे.

जागा असेल तर ताणतारांनी धरलेला त्रिकोणी जाळीचा टॉवर सर्वांत किफायतशीर पडतो. १२० अंशांच्या अंतराने तीन बाजूंना ताणतारा असाव्यात आणि त्यांचे अँकर टॉवरच्या उंचीच्या ६० ते ८० टक्के अंतरावर असावेत. १२ मीटरसाठी हे अंतर ७ ते साडेनऊ मीटर होते, तेव्हा जागा आधी दोरीने आखून पाहावी. तारांना त्यांच्या तुटण्याच्या क्षमतेच्या साधारण १० टक्के ताण द्यावा, तिन्ही बाजूंना तो सारखा ठेवावा, आणि टॉवर ओळंब्यात आहे की नाही हे दोन बाजूंनी पाहावे. टर्नबकल (तार आवळण्याचे स्क्रू) आपोआप फिरू नयेत म्हणून त्यांतून सुरक्षेची तार ओवावी. पोलादी तारा चिनी मातीच्या इन्सुलेटरांनी अशा तुकड्यांत तोडाव्यात की कोणताही तुकडा आपण वापरत असलेल्या बँडवर अनुनादित होणार नाही. पायाच्या काँक्रीटला पूर्ण बळ यायला २८ दिवस लागतात. त्याआधी भार देण्याची घाई करू नये.

गच्चीवर उभारणी करायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. ताणतारा विटांच्या कठड्याला कदापि बांधू नयेत. त्यांचा ओढा स्लॅबच्या खालील तुळईपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि छिद्रे पाडल्यावर गळतीचा बंदोबस्त त्याच दिवशी झाला पाहिजे. विमानतळाच्या परिसरात उंचीवर मर्यादा असते, त्यामुळे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल का हे पाहावे आणि परवान्यातील व स्थानिक संस्थेच्या अटीही तपासाव्यात. वीजवाहिनीच्या बाबतीत मात्र तडजोड नको: उभारताना किंवा कोसळताना टॉवर, अँटेना किंवा एखादी तार कोणत्याही बाजूला पडली तरी वाहिनीला शिवणार नाही, एवढे अंतर नसेल तर ती जागा सोडून द्यावी.

उभारणीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. टॉवरवर चढणाऱ्याने पूर्ण शरीराचा हार्नेस वापरावा आणि त्याला दोन दोर असावेत, म्हणजे एक सोडताना दुसरा अडकलेलाच राहतो. वर एकच माणूस असावा, खाली दोर आणि कप्पी सांभाळणारे किमान दोन असावेत, आणि काम चालू असताना टॉवरखाली कोणीही उभे राहू नये. वर माणूस असताना ताणतार सोडू नये. ती बदलायची असेल तर आधी तात्पुरती तार लावावी. एकट्याने चढू नये, मग काम पाच मिनिटांचे का असेना.

आपल्याकडे वळवाच्या पावसाबरोबर आणि परतीच्या पावसाबरोबर विजा येतात, आणि परतीचा पाऊस कधीकधी ऑक्टोबरच्या स्पर्धेपर्यंत रेंगाळतो. टॉवरच्या प्रत्येक पायाला स्वतंत्र अर्थिंगचा रॉड द्यावा, कोॲक्स केबलचे कवच टॉवरच्या तळाशी आणि घरात शिरण्याच्या जागी अर्थला जोडावे, आणि हे सर्व अर्थ घराच्या विद्युत अर्थशी जाड तांब्याच्या पट्टीने एकत्र बांधावेत. गडगडाट ऐकू आला की केबल घराबाहेरच सोडवून ठेवावी, गुणांचे नुकसान झाले तरी चालेल. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे लोखंड लवकर गंजते, तेव्हा जस्तलेपित पोलाद आणि स्टेनलेस बोल्ट यांचा खर्च तिथे टाळू नये. मेअखेरीस आणि पावसाळा संपल्यावर प्रत्येक बोल्ट, शॅकल आणि टर्नबकल तपासावा. केबलही चांगली घ्यावी: लांब ओढीत आरजी-५८ च्या तुलनेत आरजी-२१३ मधील घट साधारण निम्मी असते, आणि १० मीटर बँडवर हा फरक स्पष्ट जाणवतो.

४८ तास कसे वापरावेत

लॉगसाठी (संपर्कांच्या नोंदवहीसाठी) एन१एमएम लॉगर प्लस हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक स्पर्धक वापरतात. ते आठवडाभर आधी संचाशी जोडून सराव करावा. पहाटे साडेपाचला युरोपात मध्यरात्र असते, म्हणून सुरुवात ४० किंवा ८० मीटरवर करावी. ४० मीटरवर ध्वनीसाठी आपल्याला ७.२०० मेगाहर्ट्झपर्यंतच मुभा आहे आणि अमेरिकी केंद्रे ७.१२५ च्या खाली ध्वनीवर बोलू शकत नाहीत, हे लक्षात ठेवून त्या अरुंद जागेत कान लावावा. सूर्योदयानंतर २० मीटरवर अमेरिका, सकाळी १५ आणि १० मीटरवर पूर्वेकडील देश, आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्याच वरच्या बँडवर युरोप असा साधारण क्रम असतो. संध्याकाळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ होत असल्याने, कायम वायव्येला रोखलेली यागी तेव्हा एकाच वेळी दोन्हीकडे उपयोगी पडते. सौरचक्राचा २०२४ च्या सुमाराचा कळस आता ओसरू लागला आहे, त्यामुळे १० मीटर बँड उघडा दिसला की त्याला प्राधान्य द्यावे.

नवख्या स्पर्धकाने प्रथम बँडभर फिरून हाका देणाऱ्यांना उत्तरे द्यावीत. पण व्हीयू हा भारतीय कॉलसाइनचा (केंद्राच्या ओळखचिन्हाचा) उपसर्ग आहे आणि युरोपातल्या स्पर्धकाला भारत गुणक म्हणून हवा असतो, त्यामुळे मोकळी वारंवारता मिळताच स्वतः सीक्यू (कोणीही उत्तर द्यावे अशी हाक) देण्याचे धाडस करावे. १०० वॅटवरही रांग लागते. रांग लागली की अर्धवट ऐकू आलेली अक्षरे परत उच्चारावीत आणि तेच केंद्र उत्तर देईपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये. झोपेचे तास आधीच ठरवावेत. आपल्याकडे मध्यरात्रीनंतर वरचे बँड बंद पडतात. खालच्या बँडसाठी बरी अँटेना नसेल तर तीच झोपेची वेळ.

स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांच्या आत कॅब्रिलो या ठरावीक फाइल-स्वरूपातील लॉग पाठवावा लागतो. संपर्क मोजकेच झाले असले तरी तो पाठवावा, कारण आपल्या नोंदीवरून इतरांचे संपर्क पडताळले जातात. पाठवण्यापूर्वी शंका आलेले कॉलसाइन नंतर कुठेतरी शोधून दुरुस्त करणे नियमात बसत नाही. जे कानांनी ऐकले तेच लॉगमध्ये राहिले पाहिजे. चुकीच्या कॉलसाइनचा संपर्क रद्द होतो आणि वर दंडाचे गुणही कापले जातात. निकालानंतर सर्वांचे लॉग सार्वजनिक होतात. त्यांतील २२ व्या झोनमधल्या चांगल्या केंद्रांचे लॉग उतरवून घ्यावेत आणि ती कोणत्या तासाला कोणत्या बँडवर होती व तेव्हा कोणता खंड त्यांना ऐकत होता, हे आपल्या नोंदींशेजारी मांडून पाहावे. पुढच्या वर्षी अँटेनाची उंची वाढवायची की रोटेटर घ्यायचा, हे त्या तुलनेतूनच ठरवावे.