खोडरबर कपाटात, बोरू हातात

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिलेल्या हातात एक सवय मुरलेली असते. पेन्सिल हलकी फिरवायची, चुकली की खोडायची, पुन्हा फिरवायची. परीक्षेत ती उपयोगी पडते. पण पुढे कित्येक वर्षांनी कोणी हौसेनं चित्रांची वही आणली, की तोच हात पहिल्या पानावर अडतो. रेष बरोबर येईल याची खात्री हवी असते, आणि खात्री नसेल तर रेषच नको वाटते.

अशा वेळी 'आत्मविश्वास बाळगा' हा सल्ला निरुपयोगी आहे. आपल्याकडे दारापुढे रांगोळी काढणारे हात ठिपके न मांडताही चिमटीतून सरसर रेघा ओढतात. त्यांना भीती का वाटत नाही? उद्या सकाळी झाडूनच टाकायची असते म्हणून. चूक एका दिवसाची आणि चिमूटभर पुडीची. चुकीची किंमत इतकी कमी झाली की धाडस वेगळं करावं लागत नाही. खालचा महिन्याभराचा सराव याच हिशेबावर उभा आहे. माध्यम शाईचं, कारण शाई खोडता येत नाही. कागद मात्र स्वस्त.

सामान

कागद: साध्या कार्ट्रिजचे (चित्रकलेच्या कागदाचे) फुल साइज (२२ × ३० इंच) १० ताव, १३० ते १५० जीएसएमचे (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे). एका तावाचे आठ तुकडे केले की साडेसात × अकरा इंचांचे ८० कागद होतात. शेवटच्या दोन दिवसांसाठी अख्खे ताव वेगळे ठेवा. बांधलेली वही नको. वहीतलं बिघडलेलं पान पुढच्या प्रत्येक पानाआधी दिसत राहतं. झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागदही चालेल, पण त्यावर शाई फुटते आणि मागे उतरते. पहिल्या आठवड्यापुरता तोच वापरला तरी बिघडत नाही.

शाई: काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. ही फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये. आत वाळली की पेन कायमचं चोंदतं. फाउंटन पेनची साधी शाई वापरायची तर तिच्यावर ओला ब्रश फिरवला की ती पसरते, हे धरून चालायचं. दौत सांडू नये म्हणून जड बुडाची वाटी घ्या आणि तिच्यात अर्धा इंचच शाई ओता.

याखेरीज एक जुनं सुती फडकं आणि पाण्याचा पेला.

बोरू करणं

टाक (शाईत बुडवायचं निबचं पेन) किंवा मार्कर चालेल, तरी बोरू, म्हणजे पोकळ काडीची लेखणी, सुचवण्याला कारण आहे. त्याची रेष पूर्णपणे आपल्या ताब्यात नसते. सुरुवातीला ओली आणि जाड येते, थोड्या अंतरावर सुकते, मध्येच तुटते. गुळगुळीत रेषेचा हट्ट तो पहिल्याच दिवशी मोडून काढतो.

नदीकाठचा वाळलेला बोरू मिळाला तर उत्तम, नाहीतर करंगळीएवढ्या जाडीचा बांबू. साधारण १८ सेंटीमीटर लांबीचा तुकडा घ्या आणि टोकाच्या बाजूला पेराची गाठ येऊ देऊ नका. कापण्याआधी दोन-तीन तास पाण्यात ठेवा. कोरडा बोरू कटर लागताच उभा चिरतो. आता टोकापासून ३ सेंटीमीटरवर तिरका काप घ्या. कटर नेहमी अंगापासून दूर जाणारं हवं. आतला मऊ गर खरवडून काढा, दोन्ही बाजू तासून जीभ निमुळती करा आणि टोकाशी मधोमध सुमारे १ सेंटीमीटरची चीर द्या. शेवटी टोक कठीण लाकडावर ठेवून एकाच दाबात आडवं छाटा. दोन-तीनदा करवतीसारखं ओढलं तर धागे सुटतात आणि शाई ठिपकते.

चीर फार वर गेली तर दाब दिला की जीभ फाकते आणि शाईचा डाग पडतो. चिरेच्या वरच्या टोकाला दोरा घट्ट बांधा. चीर नसेल किंवा मिटलेली असेल तर रेष जेमतेम इंचभर जाते. काम संपलं की बोरू लगेच धुवा. वाळलेली शाई चिरेत बसली की नवं टोक छाटण्यावाचून इलाज नाही.

पहिला आठवडा: चित्र नाही, रेघा

रोज वीस मिनिटं, चार कागद. पहिल्या कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या रेघा, मनगट न हलवता कोपरापासून. दुसऱ्यावर त्याच रेघा, पण एका दमात शाई संपेपर्यंत. मोडी लिहिताना हात शक्य तितका न उचलता ओळ पुढे नेत, तशी. तिसऱ्यावर दाब कमी-जास्त करून. चौथ्यावर काहीही.

हा आठवडा कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो गाळतात. मग दुसऱ्या आठवड्यात चित्र बिघडलं की दोष बोरूचा, शाईचा की डोळ्याचा हे त्यांना कळत नाही.

दुसरा आठवडा: कागदाकडे न पाहता

समोर ओळखीची वस्तू ठेवा: तांब्या, चप्पल, अर्धा सोललेला लसूण. नजर वस्तूच्या कडेवर ठेवा आणि मुंगी चालते तितक्या सावकाश पुढे न्या. हात नजरेच्या वेगानंच चालवायचा. कागदाकडे फक्त शाई घेताना बघायचं. तांब्याचं तोंड बुडाशी जुळणार नाही, चप्पल दीडपट लांब होईल. होऊ द्या. एरवी हात चप्पल बघून काढत नाही, डोक्यात बसलेल्या 'चप्पल' या चित्राचा कित्ता गिरवतो. इथे गिरवायला कित्ताच उरत नाही.

एका वस्तूची रोज चार चित्रं: पाच मिनिटं, दोन मिनिटं, एक मिनिट, तीस सेकंद. क्रम उलटा करू नका. आधी सावकाश पाहिलेलं असेल तरच तीस सेकंदांत काय सोडायचं ते हाताला सुचतं.

रेष चुकली तर

सगळ्यात जास्त चित्रं इथे बिघडतात, आणि चुकलेल्या रेषेमुळे नव्हे, तिच्यावरच्या डागडुजीमुळे. चुकीची रेष गिरवून जाड केली की चित्रातली सर्वांत काळी जागा तीच होते आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. व्हाइटनर तर त्याहून वाईट. चुकली ती रेष तशीच ठेवा आणि बरोबर वाटते ती शेजारी ओढा. दोन रेषांमुळे आकार हलता वाटतो, बहुतेक वेळा चांगलाच दिसतो.

डाग पडला तर टिपू नका. ओला असतानाच बोरूच्या मागच्या टोकानं ओढा किंवा ओल्या ब्रशनं पसरवून त्याची सावली करा. सावल्यांसाठी आधीच दोन वाट्या तयार ठेवा: एकीत शाई एक भाग, पाणी चार भाग, दुसरीत एकास दहा. वॉटरप्रूफ शाईची रेष पूर्ण वाळल्यावर तिच्यावर सावली दिली तर ती हलत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत वाळायला जास्त वेळ लागतो, घाई केलीत तर चिखल होतो.

तिसरा आठवडा: घराबाहेर

आता चुकीची किंमत थोडी वाढवायची, कारण लोक बघणार. पहिल्या दिवशी गॅलरी किंवा जिन्यातली खिडकी. नंतर एसटी स्टँड, भाजी मंडई, देवळाचा पार. भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे मागून कोणी डोकावत नाही. बाहेर दौत नेण्याची हौस नको, बोरूऐवजी जाड टोकाचा वॉटरप्रूफ मार्कर घ्या.

माणसं हलतात, म्हणून आधी हलणारं काढा: खांद्यावरची पिशवी, वाकलेली पाठ, डोक्यावरची पाटी. छप्पर, खांब, बाकडी कुठे पळत नाहीत, ती मागाहून. एखादा अर्धा राहून उठून गेला तर त्याच्या अंगावर पुढच्याचे पाय जोडायला हरकत नाही. चेहरा ओळखू येईल इतका जवळून काढायचा असेल तर विचारा. लोक सहसा नाही म्हणत नाहीत, उलट 'आमचं पण काढा' म्हणतात, आणि ते काढून त्यांना देऊन टाकणं हा उत्तम सराव आहे. लष्करी किंवा सुरक्षेची जागा असेल तर तिथे बसूच नका.

चौथा आठवडा: स्वतःचं बंधन

'मनातलं काहीही काढा' म्हटलं की हात पुन्हा थिजतो. मोकळीक नको, अडचण द्या. फक्त सावल्या काढा, वस्तू नाही. एका चित्रात अकराच रेघा. आजीचं स्वयंपाकघर आठवणीतून, पण माणूस एकही नाही. वारली चित्रांत वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्याच ऐवजावर अख्खं लग्न, शेत आणि तारपा नाच उभा राहतो. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, लिहिण्याचं काम परंपरेनं बायकांचं होतं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी पुरुष असूनही, आणि लग्नकार्याचं निमित्त नसताना, रोज चित्रं काढायला घेतली. आकार त्यांनी जुनेच ठेवले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शेवटच्या दोन दिवशी अख्खा ताव, न कापता. बोरू टोकाऐवजी बाजूनं धरा आणि उभं राहून काढा. बसून काढलेलं मोठं चित्र बहुधा खालच्या बाजूला दाटतं.

निवड आणि मोजदाद

काढलेलं त्याच दिवशी तपासू नका. मागे तारीख, लागलेली मिनिटं आणि काय करून पाहिलं ते दोन शब्दांत लिहा आणि कागद पालथा ठेवा. दर दहा दिवसांनी सगळे फरशीवर मांडा. निम्मे तरी फसलेले असावेत. जवळपास सगळे चांगले आले असतील तर तुम्ही जमतं तेच काढत आहात. अशा वेळी एकच गोष्ट बदला: आकार, वेळ किंवा विषय. तिन्ही एकदम बदललं तर कशानं बिघडलं ते कळत नाही.

घरात मूल सोबत बसत असेल तर त्याला वेगळा बोरू द्या, कटर मात्र तुमच्याच हातात. 'हे काय काढलंयस?' असं विचारू नका, त्यात 'ओळखू येत नाही' हे आलंच. 'ही रेघ कशी ओढलीस?' विचारा. आणि त्याच्या चित्रात हत्तीला पाचवा पाय असेल तर तो तसाच राहू द्या.