जड वर्कबेंचला चाकं लावताना या चुका टाळा

रंधा मारताना किंवा वाइसमध्ये पाइप आवळून करवत चालवताना टेबल तसूभरही हलता कामा नये. त्यामुळे चाकं फक्त हलवण्यापुरती जमिनीला टेकावीत, एरवी टेबल आपल्याच पायांवर उभं राहावं. चारही पायांखाली ब्रेकची चाकं ठोकणं ही पहिली चूक. साधा ब्रेक फक्त चाक अडवतो, वरचा फिरता काटा मोकळाच राहतो, आणि टेबल डुलत राहतं.

त्याऐवजी दोन्ही टोकांच्या आडव्या पट्टीला आतून तीन मजबूत बिजागऱ्यांनी एकेक फळी टांगा आणि प्रत्येक फळीला दोन चाकं लावा. फळी पायाने दाबली की ते टोक उचललं जातं. मग पट्टी आणि फळी यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवायचा. टेबलाचे पाय जमिनीपासून ६ ते ८ मिलिमीटर उचलले गेले की पुरे. त्याहून जास्त ठेवलंत तर आपल्या पायाचा जोर अपुरा पडतो. ठोकळा सैल असेल तर वाटेतच फळी सुटते आणि टेबल धाडकन खाली येतं, म्हणून तो बिजागरीवर बसवा, सुटा नको.

वजनाचा हिशेब बहुतेकांचा इथे चुकतो. समजा टेबल १२० किलो, वाइस १५, खणांतली हत्यारं ६५, म्हणजे २०० किलो. चाराने भागून ५० किलोची चाकं आणली जातात. पण कोबा कुठे सपाट असतो? एक चाक अधांतरी राहतं आणि भार तिघांवर येतो. तीनाने भागा: साधारण ६७ किलो. ७५ किंवा १०० किलो क्षमतेचं चाक घ्या.

चाक १०० मिलिमीटरचं, पीयूचं (पॉलियुरेथेन, एक चिवट प्लास्टिक) घ्या. ५० मिलिमीटरचं चाक शहाबादीच्या सांध्यात अडकतं. रबरी चाक भाराखाली महिनोन्‌महिने उभं राहिलं की चपटं होतं.

चाकाची प्लेट स्क्रूवर सोडू नका. आरपार बोल्ट, मोठं वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा नट) वापरा. फळीच्या कडेत, म्हणजे लाकडाच्या उभ्या रेषांत मारलेला स्क्रू थोड्याच दिवसांत उपसून येतो.

गोव्यात गंजाचा विचार आधीच करायला हवा. कळंगुट-कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गॅरेजात खारं वारं झिंकचा पातळ मुलामा लवकर खातं; तिथे ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील परवडतं. तेही अधूनमधून पुसलं नाही तर त्यावर तांबूस डाग पडतातच. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते आणि पायांची टोकं ती शोषतात. टोकांना वॉर्निश पाजून खाली रबराची चकती लावा. फळीसाठी आयएस ७१० चं, म्हणजे मरीन प्लायवूड घ्या, साधं फुगतं.

टेबल एका बाजूला ओढत असेल तर आधी चाकांत गुंतलेला भुसा, दोरे काढा, मग बोल्ट तपासा. उंबरठा ओलांडायचा असेल तर खण रिकामे करा, वाइस उतरवा आणि प्लायच्या उतरत्या पट्टीवरून लांबीच्या दिशेनेच ढकला. आडवं ढकललेलं टेबल कलंडतं.