पास ठोकण्याआधी क्ले ठोकून पाहा

वखराच्या पाशीसाठी, म्हणजे त्याच्या आडव्या लोखंडी पात्यासाठी, कमानपट्ट्याचा (गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) तुकडा आखूड कापला गेला, की कोळसा आणि मेहनत दोन्ही वाया. आधी मुलांच्या रंगीत क्लेवर करून पाहा. तापलेलं पोलाद बरंचसं तसंच पसरतं.

हिरवे-पांढरे थर एकावर एक लावून कापायच्या पट्ट्याच्या नेमक्या मापाचा तुकडा करा. ऐरणीवर पावडर भुरभुरा, लाकडी ठोकळ्याने ठोका, मग सुरीने मधोमध कापा. थर कुठे पातळ झाला, पोट कुठे फुगलं, टोक कुठे अपुरं राहिलं, सगळं दिसतं. मी आता याशिवाय पट्टा कापतच नाही. तापलेल्या पोलादावरचा जळका पोपडा झडतो, म्हणून पट्ट्याचं माप थोडं जास्तच धरा.

जपायचं एकच: क्ले निवत नाही, पोलाद कडेपासून निवतं. नारिंगी उतरून काळपट लाल दिसलं, की घण थांबवा आणि परत भट्टीत घाला. नाहीतर कडेला तडा जातो.