आत्मसंरक्षण शिकताना होणाऱ्या या चुका टाळा

सोलापुरात शाळांच्या परीक्षा संपत आल्या की कराटे, तायक्वांदो आणि लाठीकाठीच्या सुट्टीतील वर्गांचे फलक चौकाचौकांत लागतात, महिला मंडळे दोन-दोन दिवसांची शिबिरे भरवतात आणि जून उजाडला की बरेचसे पांढरे गणवेश घडी घालून कपाटात जातात. शिक्षण अर्धवट सुटते याचे मला फारसे दुःख नाही. आधी शिकताना आणि पुढे शिकवताना मला खटकत आली ती गोष्ट वेगळी आहे. शरीराला जे लावून घेतले तेच ते प्रसंगी करते, आणि आपल्याकडे पुष्कळदा चुकीचेच, पण अत्यंत शिस्तीत, अंगवळणी पाडले जाते. त्यामुळे एखादा नवा डाव शिकण्यापेक्षा पुढील सवयी तपासून पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

पडायला न शिकता पाडायला शिकणे

पहिली चूक पायाखालीच असते. आपल्या गावात मंगल कार्यालय घ्या, शाळेचा व्हरांडा घ्या किंवा घराची गच्ची, खाली बहुधा शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा असतो आणि त्यावर सतरंजी अंथरली की सरावाची जागा तयार झाली असे मानले जाते. सतरंजी धक्का शोषून घेत नाही. उलट गुळगुळीत फरशीवर ती पायाखालून सरकते आणि न पडणाऱ्यालाही पाडते. तालमीतल्या वस्तादांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लाल मातीचा हौदा खोऱ्याने उकरून भुसभुशीत ठेवणे, त्या मातीत तेल, ताक, हळद आणि लिंबू मिसळणे, ही कामे नवख्या पोरांकडून करून घेतली जातात, कारण ज्याला त्या मातीत पाठीवर यायचे आहे त्याला तिची किंमत कळावी लागते. ज्यूदोतही हीच दृष्टी आहे. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्यो येथे कोदोकान या ज्यूदो-शाळेची स्थापना केली. त्या परंपरेत आजही नवख्याला आधी 'उकेमी', म्हणजे पडण्याचे तंत्र, घोटवतात आणि मगच फेकण्याचे डाव देतात.

मला हे कोणी सांगितले नव्हते. शिकायला लागले त्या पहिल्याच वर्षी जोडीदाराने पाय काढला, मी मागे जाताना आधारासाठी उजवा हात ताठ करून फरशीवर टेकवला आणि मनगटाजवळचे हाड मोडून सहा आठवडे प्लास्टर मिरवले. तोल गेला की हात टेकणे ही उपजत प्रतिक्रिया आहे, म्हणूनच ती सरावाने मोडावी लागते. मागे पडताना हनुवटी छातीला लावावी आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवावी, म्हणजे डोके मागे आपटत नाही. पाठ कमानीसारखी गोल करावी, श्वास सोडावा आणि दोन्ही हात अंगापासून तिरपे ठेवून, खांद्यापर्यंत न उचलता, तळहातापासून कोपरापर्यंतचा भाग एकदम जमिनीला लावावा. हे आधी बसल्या जागेवरून, मग उकिडवे बसून आणि काही आठवड्यांनी उभ्याने करावे. जाड मॅट नसेल तर उभ्याने पडण्याचा आणि फेकण्याचा सराव त्या जागी करूच नये. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा क्षणभर विस्मरण झाले, तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. 'जरा बसून पाणी पी आणि परत ये' हा सल्ला तेथे धोकादायक आहे.

पडण्याचे तंत्र येते त्याला रोजच्या जगण्यातही लाभ होतो. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेत होम मैदानावर संध्याकाळी जी रेटारेटी होते, तिच्यात ठोसा कोणाच्या कामी येणार? तेथे तोल सांभाळणे, दोन्ही हात छातीसमोर दुमडून श्वासापुरती जागा राखणे आणि गर्दीला उलट न भिडता तिरपे सरकत कडेला निघणे, एवढेच जमावे लागते.

उन्हाशी स्पर्धा

एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा सर्रास चाळिशी ओलांडतो आणि नेमके तेव्हाच, दुपारी चार वाजता, पत्र्याच्या शेडखाली जाड सुती गणवेशात मुलांना पळवले जाते. वर पाणी मागितले तर 'आधी शंभर किक्स पूर्ण कर' असे सुनावले जाते. तहान मारल्याने दम वाढत नाही, फक्त शरीराची घामावाटे थंड होण्याची सोय कमी होते. उन्हाळ्यात वर्ग सकाळी सहाला सुरू करून साडेसातपर्यंत संपवावा किंवा सूर्य मावळल्यानंतर घ्यावा, दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांना पाणी प्यायला लावावे आणि सुरुवातीचे आठ-दहा दिवस सरावाचा जोर कमी ठेवावा, कारण उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला तेवढे दिवस लागतात. घरी गेल्यावर मीठ घातलेले ताक उत्तम. सरावात एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, अडखळले, उलटी करू लागले किंवा अंग तापून लाल झाले, तर ते नाटक करीत आहे असे समजू नये. त्याला सावलीत नेऊन गणवेश सैल करावा, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णालयात नेण्याची तयारी करावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

मुरगळले की चोळणे

पाय मुरगळला की तेल लावून जोराने चोळणारा किंवा 'शीर बसवून' देणारा कोणीतरी प्रत्येक पेठेत असतो आणि त्याच्यावर आपला डॉक्टरांपेक्षा अधिक विश्वास असतो. ताज्या दुखापतीत आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. पहिले दोन दिवस चोळल्याने किंवा गरम शेकाने सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा. घोट्यावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा. मैदानावरची पुष्कळशी गुडघेदुखी मात्र मुरगळण्याने येत नाही, ती चुकीच्या लाथेने येते: गोल लाथ मारताना कंबर वळते आणि उभा पाय जमिनीला चिकटून राहतो, तेव्हा सारा पीळ गुडघ्यात जातो. लाथेबरोबर उभ्या पायाचा चवडा फिरला पाहिजे आणि टाच लक्ष्याच्या दिशेला आली पाहिजे.

मुठीबद्दलही थोडे सांगावे लागेल. अंगठा बोटांच्या आत दाबणे आणि करंगळीच्या बाजूने ठोसा मारणे, या दोन चुकांनी स्वतःचाच हात मोडतो. तर्जनी आणि मधल्या बोटाचे सांधे पुढे, मनगट सरळ, अंगठा बाहेर. तरीही समोरच्याचे डोके कवटीचे असते आणि आपली बोटे नाजूक, त्यामुळे आत्मसंरक्षणासाठी मी उघड्या तळहाताच्या टाचेचा प्रहार आधी शिकवते. किल्ल्या बोटांच्या फटीत धरून मारण्याची युक्ती समाजमाध्यमांवर फार फिरते. धडक बसताच त्या मागे सरकून आपलीच बोटे आणि तळवा फाडतात.

शहाण्या जोडीदाराबरोबर सराव

ही चूक सर्वांत खोल रुजलेली आहे. शिबिरात मनगट सोडवण्याचा डाव असा शिकवतात की एकीने धरायचे, खांबासारखे उभे राहायचे आणि 'दोन' म्हटले की दुसरीने हात झटकून सोडवायचा. एका शिबिरात दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी हा डाव दहा वेळा झोकात करून दाखवत होती. मी तिच्या जोडीदारणीला सांगितले की नुसते धरू नकोस, दाराकडे ओढ. पहिल्याच ओढीला तिची चप्पल घसरली, खांदा पुढे गेला, हात ताठ झाला आणि डाव विसरला गेला. ओरडणे तर सुचलेच नाही. मग आम्ही सावकाश सुरुवात केली. ओढ लागताच मागे जोर न लावता गुडघे वाकवून खाली बसकण घ्यायची, ओढणाऱ्याच्या दिशेने एक पाऊल टाकायचे, कोपर दुमडून त्याच्या कोपराकडे रेटायचे आणि पकडीत अंगठा व बोटांची टोके जेथे भेटतात त्या फटीतून मनगट बाहेर काढायचे. अंगठा ही पकडीची कच्ची बाजू आहे, हे तिला आधी पाठ होते. त्या दिवशी ते हाताला कळले.

म्हणून जोडीदाराचा विरोध टप्प्याटप्प्याने वाढवावा, आधी ढिली पकड, मग खरी पकड, मग ओढणे, शेवटी भिंतीशी दाबणे. त्याचबरोबर टॅप, म्हणजे हाताने थोपटून दिलेली 'सोड' ही खूण, मिळताच पकड सोडण्याचा नियम काटेकोर पाळावा आणि सांधा दुखण्याची वाट न पाहता टॅप करण्यात कमीपणा मानू नये. जांघेत लाथ मारली की समोरचा कोसळतोच, असे शिकवणाऱ्यापासून सावध राहावे. भीतीच्या भरात नेम चुकतो आणि नशेतल्या माणसाला वेदना उशिरा कळते. लाथ लागली तर ती पळण्यासाठी मिळालेली संधी आहे, एवढेच धरून चालावे.

कपड्यांचाही विचार कोणी करत नाही. सराव मोकळ्या पायजम्यात होतो आणि प्रसंग येतो तेव्हा अंगावर साडी असते, पायात चप्पल, खांद्याला पर्स. उन्हाळ्यात दुचाकीवरच्या मुली डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळतात. त्याने ऊन अडते, पण बाजूचे दिसणे आणि ऐकू येणे कमी होते आणि मागून ओढायला गळ्याभोवती आयता फास मिळतो. गाडी लावली की स्कार्फ सोडावा आणि मगच अंधाऱ्या बोळात वळावे. महिन्यातून एकदा तरी नेहमीच्या कपड्यांत सराव करावा. मिरपूड स्प्रे बाळगत असाल तर तो पर्सच्या तळाशी ठेवून काही उपयोग नाही. तो हाताशी असावा, त्यावरची मुदत पाहिलेली असावी आणि वारा आपल्या तोंडावर असताना फवारू नये.

आवाजाचा सराव तर बहुतेक वर्गांत होतच नाही. कराटेतील 'किआई', म्हणजे प्रहाराबरोबरची आरोळी, घुमते, पण रस्त्यावर 'थांबा, मागे सरका' हे शब्द, तळहात छातीच्या उंचीवर उघडे धरून, स्पष्ट उच्चारता आले पाहिजेत. नुसते 'वाचवा' ऐकून गर्दी एकमेकांकडे पाहत राहते. 'अहो निळ्या शर्टवाले दादा, ११२ ला फोन लावा' असे एकालाच उद्देशून म्हटले तर तो माणूस हलतो. आणि चाकू दाखवून मोबाइल मागितला तर मोबाइल द्यावा. चित्रफितीतला चाकू हिसकावण्याचा डाव रबरी चाकूवर चालतो.

पट्ट्यांबद्दल एकच सांगते. कराटेतील पहिल्या काळ्या पट्ट्याचे नाव 'शोदान' आहे आणि त्यातील 'शो'चा अर्थ 'आरंभ' असा होतो. तिथपर्यंत पोहोचायला नियमित सरावाची साधारण तीन-चार वर्षे लागतात. वर्षभरात, परीक्षेच्या शुल्कावर, काळा पट्टा देणारा वर्ग असेल तर मुलाला तेथून काढावे.

राग आणि कायदा

बचाव कोठे संपतो आणि मारहाण कोठे सुरू होते, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे. कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही, आणि कलम ४० नुसार शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची रास्त भीती असेपर्यंतच टिकतो. जिवावरचा हल्ला, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिडहल्ला अशा प्रसंगांत कलम ३८ हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत नेते. पण पाकीट मारणारा पाकीट टाकून पळत सुटल्यावर त्याला गाठून चौघांनी तुडवले, तर आरोपी ते चौघे ठरतात. जोर-बैठका काढून कमावलेल्या अंगाच्या तरुणांना मी हे मुद्दाम सांगते, कारण त्यांचा हात सुटला की थांबत नाही.

प्रसंग घडून गेल्यावरही चुका होतात. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली आहे म्हणून तक्रार नाकारली जाऊ नये यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तरतूद आहे आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. त्याआधी मात्र, घरी येताच आई पहिल्यांदा जखमेवर हळद भरते आणि फाटलेला कुर्ता भिजत घालते. जखमेचा फोटो आधी काढून घ्यावा, शासकीय रुग्णालयात तपासणी करून तिची नोंद करवून घ्यावी आणि कुर्ता न धुता, प्लास्टिकच्या नव्हे तर कागदाच्या पिशवीत, कोरडा ठेवून ठाण्यात न्यावा.