मोटरहोममधली थंडी: शेवटी डिझेल हीटरवर आलो

पारा शून्याखाली गेला की आमच्या मोटरहोममधला गॅस हीटर पहाटे मान टाकायचा. सिलिंडर हलवला तर आत गॅस खळखळतोय, ज्योत मात्र धरत नाही. आत ब्यूटेन होता, उणे ०.५ अंशाखाली त्याची वाफच होत नाही. प्रोपेनची उणे ४२ पर्यंत होते. सिलिंडर बदलल्यावर ज्योत टिकली, पण सारखे सिलिंडर कोण आणणार?

विजेचा हीटर बॅटरीवर चालवायचं विसराच. १५०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला १२५ अँपिअर! बाहेरची वीजजोडणी मिळाली तर मात्र त्याच्यासारखं सुख नाही.

शेवटी २ किलोवॅटचा डिझेल हीटर बसवला. जळणासाठी हवा बाहेरून घेतो, धूर आणि त्यातली वाफ बाहेरच सोडतो, त्यामुळे काचांना घाम फुटत नाही. पण कडाक्याच्या थंडीत चालू होतानाच एरर देऊन बंद पडे. मीटर लावला: बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, आणि ग्लो प्लग (डिझेल पेटवण्यासाठी विजेवर तापणारी कांडी) तापत असताना हीटरच्या कनेक्टरवर जेमतेम साडेदहा. वायर लांब आणि बारीक, व्होल्टेज वाटेतच पडत होतं, दुसरं काय! थेट बॅटरीपासून जाड वायर ओढली, बॅटरीजवळ फ्यूज घातला. तेव्हापासून पहिल्या झटक्यात पेटतो.

सतत मंद ठेवला तर आत काजळी धरते, म्हणून अधूनमधून थोडा वेळ फुल्ल चालवतो. आणि हीटर कुठलाही घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय झोपू नका.